गुणिले पॉइंट आठ

बारकी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. पुढे काउंटरवर मालक असत, त्यांना सगळे चष्मेवाले काका म्हणत. ते गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत आणि चिठ्ठीवर नंबर लिहून मागे सरकवत. मायनस सव्वादोन, प्लस दीड. चिठ्ठीवर असेल तशीच काच बारकीच्या हातून उतरायची, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. पाच बहिणींत धाकटी म्हणून माहेरी पडलेलं 'बारकी' हे नाव सासरीही कुणी बदललं नाही.

तिचा नवरा मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर होता. जहाज कुठून कसं न्यायचं याची आखणी त्याच्याकडे असायची. बंदरावर त्याला 'सेकंड' म्हणत, आणि हळूहळू घरातही तेच नाव रुळलं. हा सेकंड, तर मग या घरात फर्स्ट कोण, असं कुणी गमतीनं विचारलं की सासूबाई भाजी चिरता चिरता मान वर न करता म्हणायच्या, "हे काय विचारणं झालं?"

लग्नाला पाच वर्षं झाली होती. त्यात दोघं एका घरात किती राहिले ते बारकीनं एकदा बोटांवर मोजलं. चौदा महिने भरले. त्यानंतर तिनं पुन्हा कधी मोजलं नाही.

त्या वर्षी सुट्टीवर येताना सेकंडनं परदेशातल्या एका दुकानातून दोन सारखी यंत्रं आणली. चष्म्याच्या डबीएवढी, पण चपटी. उजवीकडे आकडे आणि साइन-कॉसची बटणं, डावीकडे टाइपरायटरसारखी बारीक अक्षरं, वर एका ओळीची काळपट काच. त्या ओळीत चोवीस अक्षरं मावत, पुढची एकामागून एक सरकत येत. दुकानदारानं कॅल्क्युलेटर म्हणून विकलं होतं, खोक्यावर मात्र 'पॉकेट कॉम्प्युटर' असं लिहिलेलं होतं.

"एक माझं, सूर्यावरून जहाजाची जागा काढायच्या गणितासाठी," तो म्हणाला. "आणि हे तुझं."

"माझं काय गणित आहे?"

"बघ तरी."

सुट्टीचे शेवटचे तीन दिवस तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून होता. शेजारी वेळापत्रक, नकाशा आणि गार झालेला चहा. एका बोटानं तो टकटक करत राहिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं बारकीला हाक मारली. "बारके, ये. तारीख घाल आणि हे बटण दाब."

तिनं दाबलं. काच क्षणभर कोरी झाली आणि मग इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: अंतर शून्य.

"आज मी इथे आहे, म्हणून शून्य. परवाची घाल." परवाच्या तारखेला दोनशे तीस आलं. "दोनशे तीस सागरी मैल. कुठल्याही दिवशी तारीख घातलीस की मी घरापासून किती लांब आहे ते हे यंत्र सांगेल. तिथे किती वाजलेत तेही."

सासूबाई मागून बघत होत्या. "म्हणजे माझा पोरगा कुठे आहे ते आता ही डबी मला सांगणार? चुगलखोर मेली!"

तेव्हापासून त्या यंत्राचं नाव चुगलखोर पडलं.

तो गेला. बारकी रोज दुपारी दुकानातून जेवायला घरी यायची, हात धुवायची आणि आधी तारीख घालायची. नऊशे दहा. बाराशे. दोन हजार. शेजारी तिथली वेळ यायची. पहाटेचे सहा असले की ती मनाशी म्हणायची, आत्ता गाढ झोपलाय. बारा वाजून गेले असले की, आत्ता जहाजाच्या पुलावर सुकाणूपाशी उभा आहे, चारपर्यंत त्याची पाळी. पूर्वी तो गेला की नुसता 'गेलेला' असायचा, जसा दिवा गेलेला असतो. आता तो कुठेतरी असायचा. पत्रं महिन्या-दीड महिन्यानं येत. त्यांवरच्या तारखा ती चुगलखोरशी ताडून बघायची आणि बंदर बरोबर निघालं की दिवसभर गुणगुणत काचा घासायची.

आकडा पाच हजार पाचशे वीसपर्यंत गेला आणि मग उतरायला लागला. सासूबाई वरवर नाक मुरडायच्या, पण दुपारी दार वाजलं की आतून विचारायच्या, "आज किती?"

पाचव्या महिन्यात कंपनीची तार आली. जहाज एका मोठ्या नदीत आत जाऊन माल उतरवत असताना नदीच्या दोन काठांवरच्या दोन देशांत लढाई जुंपली होती. मुखाशी सुरुंग पेरले गेले होते. बाहेर पडता येत नव्हतं. माणसं सुखरूप आहेत, असं शेवटी लिहिलं होतं.

बारकी कंपनीच्या ऑफिसात गेली. तिथल्या कारकुनानं तिला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि तारेत होतं तेच पुन्हा सांगितलं. "किती दिवस?" तिनं विचारलं. त्यानं नुसते हात पसरले.

चुगलखोरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वेळापत्रकाप्रमाणे ती सेकंडला घराकडे आणत राहिली. अठराशे. पंधराशे पन्नास. बारकीला कळत होतं की हे खोटं आहे. तरी दुपारी हात धुतल्यावर बोटं आपोआप तारखेवर जायची. सासूबाईंनी तर तार मानलीच नाही.

"अहो आई, कंपनीनं कळवलंय."

"कंपनीत कोण लिहितं? कारकून. हे त्यानं स्वतः बसून लिहिलंय. माझ्यासमोर."

सातव्या महिन्यात एका मंगळवारी काचेवर अंतर शून्य आलं. सासूबाईंनी त्या दिवशी त्याला आवडतं ते सगळं केलं होतं, तिसरं ताट मांडलं होतं. दोघी जेवल्या. ते ताट दिवे लागेपर्यंत टेबलावर होतं, मग सासूबाईंनीच ते उचललं आणि अन्न झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तारीख घातली तर आकडा आलाच नाही. 'एरर चार' आलं.

खोक्यात एक माहितीपुस्तक होतं. ज्यानं कुणी त्याचं इंग्रजी केलं होतं, त्याचं त्या भाषेशी फारसं पटत नसावं. बारकीचं इंग्रजीही शाळेपुरतंच. ती ते पुस्तक दुकानात घेऊन गेली आणि काकांचं भिंग लावून, जेवणाच्या सुट्टीत एकेक पान लावत बसली. एरर चारचा अर्थ सापडायला दोन दिवस लागले: वाचायला दिलेले आकडे संपले.

"म्हणजे हिला पुढचं काही सांगूनच ठेवलेलं नाही," ती काकांना म्हणाली.

"मग सांग तू."

"मी?"

"मायनस सव्वादोन कळतं ना तुला? मग हे काय आभाळातून पडलंय?"

पंधरा दिवस तिचा जीव त्या बटणांवर होता. प्रोग्रॅम म्हणजे दहा, वीस, तीस असे नंबर घातलेल्या ओळी. यंत्र त्या एकीखाली एक वाचत जातं, इतकं आधी उमगलं. मग शेवटी शेवटी सापडल्या त्या ओळी, ज्यांत सेकंडनं तारखा आणि जागा घालून ठेवल्या होत्या, प्रत्येक जागेचे अक्षांश, रेखांश. ती पुन्हा कंपनीच्या ऑफिसात गेली आणि कारकुनाला म्हणाली, "जहाज नेमकं उभं कुठे आहे तेवढं सांगा. अंश आणि त्याच्या पुढचे आकडेसुद्धा." आजवर रडत आलेल्या बायका त्यानं पाहिल्या होत्या, अक्षांश मागणारी नव्हती. त्यानं नकाशा काढला, पट्टी लावली आणि कागदावर लिहून दिलं.

घरी येऊन तिनं नवी ओळ घातली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा काच कोरी झाली आणि आकडा आला: दोन हजार चारशे ऐंशी.

सासूबाई दारात उभ्या होत्या. बारकीनं त्यांना आकडा सांगितला. त्या आत येऊन टेबलाशी बसल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. कळलं तरी."

तिथून पुढे रोज तोच आकडा. "आज किती?" "तेवढंच." हा त्या घरातला शब्दच होऊन बसला. दूधवाल्यानं किती देऊ विचारलं तरी सासूबाई म्हणायच्या, "तेवढंच," आणि दोघी एकमेकींकडे बघायच्या. त्याची पत्रं दोन-दोन महिन्यांनी मदत पोचवणाऱ्यांच्या हाती यायची, फोडून वाचलेली, काही ओळींवर काळी शाई फिरवलेली. बरा आहे, काळजी करू नका, आईच्या दम्याकडे लक्ष दे. उरलेलं पान रिकामं असायचं. बारकी त्या रिकाम्या भागावरून बोट फिरवायची.

दहाव्या महिन्यात काच फिकी पडायला लागली. पुस्तकात बजावलं होतं की सेल बदलले की यंत्राच्या पोटातलं सगळं पुसलं जातं. म्हणून तिनं एक वही घेतली आणि प्रोग्रॅमची ओळ न् ओळ उतरवायला बसली. अठ्ठावन्न ओळी होत्या. उतरवता उतरवता त्या तिला कळतही होत्या. इथे तारीख वाचतो. इथे दोन बंदरांमधलं किती पार केलं ते काढतो. इथे साइन, कॉस, पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब. मग चारशे वीस नंबरची ओळ आली. एवढीशीच होती ती: आलेल्या अंतराला गुणिले पॉइंट आठ.

आधी तिला वाटलं, असेल काही समुद्रावरचं. पण चैन पडेना. रविवारी ती वाचनालयात गेली, तिथल्या बाईंकडून पृथ्वीचा मोठा गोल मागून घेतला आणि एक दोरा काढला. सेकंडनं तिला एकदा सांगितलं होतं की एक अंश म्हणजे साठ मैल. दोऱ्याचं एक टोक तिनं घरावर धरलं, दुसरं नदीवर. मग तोच दोरा विषुववृत्तावर लावून अंश मोजले. साडेएकावन्नाच्या जरा पुढे. गुणिले साठ. एकतीसशे.

एकतीसशे गुणिले पॉइंट आठ म्हणजे चोवीसशे ऐंशी.

ती गोलासमोर बसून राहिली. पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक आकडा त्यानं कापून दिला होता. दोनशे तीससुद्धा. तिला आधी हसू आलं, मग असा राग आला की कानशिलं तापली. मी लहान आहे का? माझ्या हातून एक नंबर इकडचा तिकडे झाला तर माणूस जिन्यावरून पडतो, आणि मला हा फसवा नंबर देऊन गेला?

सेल बदलले. अख्खी दुपार बसून तिनं ओळी पुन्हा घातल्या. चारशे वीस नंबरची घातली नाही.

"आज किती?" सोमवारी सासूबाईंनी विचारलं.

"एकतीसशे."

सासूबाईंचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला. "काल चोवीसशे होता. कुठे वाहवत गेला तो? कुणी नेलं त्याला?"

"तसं नाही, आई. तो तिथेच आहे. आधीचा आकडा चुकीचा होता, हा खरा आहे."

"तिथेच आहे तर लांब कसा गेला?"

बारकीनं समजावून पाहिलं, दोरा काढून दाखवला. सासूबाई हो हो म्हणाल्या, पण रात्री जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी दमा उसळला. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध लिहिलं, आणि बाहेर येऊन बारकीला हळूच सांगितलं की हृदयानंही आता हात टेकलेत, जपा.

दुपारी ती अंथरुणाशी बसली, यंत्र हातात घेतलं. काचेवर एकतीसशे होते. "आई, मीच चुकीचं वाचलं होतं," ती म्हणाली. "चोवीसशे ऐंशीच आहे."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" सासूबाई म्हणाल्या आणि पेज मागितली.

आठवड्यानं बारकी म्हणाली, "चोवीसशे वीस." दुसऱ्या दिवशी, "तेवीसशे साठ." सासूबाईंचे डोळे मोठे झाले. "सुटला?" "निघालेत. हळूहळू वाट काढत येतायत." रोज साठेक मैल. जास्त उतरवायची तिची छाती होत नव्हती. आकडा संपला तर पुढे काय सांगायचं?

"एवढं हळू?" सासूबाई एकदा धापा टाकत म्हणाल्या. "माझे वडील सायकलवरून याच्याहून लवकर यायचे."

"सुरुंग चुकवत यायचं म्हणजे वेळ लागणारच ना."

"हं. नीट बघून चालव म्हणावं."

आता तारीख घालायचीही गरज नव्हती. बारकी नुसतं यंत्र हातात धरायची आणि आकडा मनानंच सांगायची. एकदा सांगता सांगता ती अडखळली. सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला, तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "चुगलखोर हल्ली फार गोड बोलायला लागलीय." मग डोळे मिटून, "उद्याचंही सांग. उद्या ऐकायला बरं वाटतं."

आकडा एकशे दहावर असताना, सकाळी चहा पुढे केला तेव्हा सासूबाई गेलेल्या होत्या.

सेकंड त्यानंतर तीन महिन्यांनी आला. जहाज नदीतच राहिलं. माणसांना तेवढं बसनं सरहद्दीपलीकडे काढून विमानानं पाठवलं होतं. आईची बातमी त्याला पत्रातून मिळाली होती. घरात शिरल्यावर तो आधी स्वयंपाकघरात गेला, मग आईच्या खोलीत, मग पुन्हा स्वयंपाकघरात, जणू मधल्या वेळात ती एका खोलीतून दुसरीत गेली असेल. दाढीत पांढरं आलं होतं. शर्ट खांद्यावरून उतरत होता.

बारकीनं चहा ठेवला. तो आल्यावर पहिलं काय बोलायचं ते तिनं चौदा महिने मनात घोळवलं होतं, आणि तोंडून निघालं ते भलतंच.

"चारशे वीस नंबरची ओळ कशाला घातलीत?"

त्यानं कप खाली ठेवला. "सापडली?"

"मला खोटं सांगून गेलात."

"आधी खरंच घातलं होतं," तो म्हणाला. "मग सगळ्यात लांबची तारीख घालून बघितली. सहा हजार नऊशे आलं. तो आकडा तुझ्या हातात देववेना." त्यानं खिशातून आपलं यंत्र काढलं. बटणांवरची अक्षरं झिजून गेली होती. दोन-तीनदा दाबून त्यानं ते तिच्यापुढे धरलं. काचेवर चारशे वीस नंबरची ओळ होती, गुणिले पॉइंट आठ.

"तुमच्यातही? अहो, पण तुमच्या हातात तर नकाशे होते. तुम्हाला खरं माहीत होतं."

"नकाशा कामाला. हे संध्याकाळी बघायला."

थोड्या वेळानं तिनं त्याला आईंच्या शेवटच्या दिवसांतलं सगळं सांगितलं, रोजचे साठ मैल, सायकलवाले आजोबा, सगळं. "आई गेल्या तेव्हा तुम्ही एकशे दहा मैलांवर होतात," ती म्हणाली.

सेकंडनं चेहरा दोन्ही हातांत घेतला. त्याचे खांदे हलत होते. तो रडतोय की हसतोय ते तिला आधी कळेना; मग लक्षात आलं की दोन्ही चाललंय. "म्हणजे मी दिसत असणार तिला," तो म्हणाला. "एकशे दहावरून."

घर मात्र पूर्वीसारखं झालं नाही. तो समोर असून तिला त्याची आठवण यायची, हे तिला कुणाला सांगताही येईना. रात्री बाराला तो जागा व्हायचा, चारपर्यंत खिडकीशी उभा राहायचा. तिनं हाक मारली की वळून बघायचा, पण वळायला वेळ लागायचा. चार महिन्यांनी कंपनीनं नवं जहाज दिलं, तेव्हा त्यानं ते पत्र तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "अधिकाऱ्यांना बायको बरोबर नेता येते. इतकी वर्षं आईमुळे विषय काढला नाही. येशील?"

चष्मेवाल्या काकांनी सहा महिन्यांची रजा दिली आणि वर एक काळा चष्मा. "समुद्रावर ऊन फार असतं म्हणतात," ते म्हणाले, आणि उगाचच काउंटर पुसायला लागले.

सफरीचे पहिले आठ दिवस बारकी पोटातलं पोटात ठेवायच्याच खटपटीत होती. नवव्या दिवशी तिला उभं राहता आलं. दुपारी बाराच्या सुमारास ती पुलावर गेली. चारी बाजूंना पाणी आणि मध्ये सेकंड, एक डोळा मिटून सूर्याची उंची मोजत होता. ओठ किंचित हलत होते. तिनं त्याला असा कधीच पाहिला नव्हता. इतकी वर्षं तिनं घड्याळ बघून 'आत्ता पुलावर असेल' म्हणून जो उभा केला होता, त्याच्यापेक्षा हा बुटका होता, आणि जास्त एकटा.

त्यानं आकडा लिहून घेतला, वही मिटली आणि तिच्याशेजारी कठड्याला टेकला.

"घरची आठवण येते का गं?"

"घरात आहे कोण आता?"

"म्हणून तर विचारलं," तो म्हणाला.

तिनं काळा चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा घातला. "येते," ती म्हणाली. "दुपारी फार येते."